अडीच हात हिरवळ

माणूस घरात कसा राहतो हे त्याचे त्याला आणि देवाला ठाऊक असते. पण त्याच्या दाराची पायरी आणि सडक यांच्या मध्ये जी अडीच हात जागा उरते, तिच्यात तो काय ठेवतो यावर साऱ्या गावाची अब्रू अवलंबून असते. हे सत्य पूर्वीच्या ऋषिमुनींना उमगले नव्हते, कारण त्यांच्या आश्रमांपुढे सडक नव्हती. आमच्या नगरपालिकेला ते एकोणीसशे बासष्ट सालच्या माघात, दुपारी साडेतीनच्या सभेत, सर्वानुमते उमगले.

(आमचे गाव अकोल्याहून अमरावतीकडे जाताना लागते. एस. टी. तिथे दहा मिनिटे थांबते, उतारू चहा पितात आणि चहाला नावे ठेवतात. गावाचे नाव मी लिहीत नाही. गावाला ते आवडणार नाही, आणि कोणाचे मन दुखवायचे नाही असा माझा नेम आहे.)

त्यापूर्वी या जागेला आम्ही नुसते 'भाईर' म्हणत असू. तिथे काय काय असते याची नगरपालिकेने रीतसर मोजणी केली. तीनशे बारा घरांपुढे मिळून पऱ्हाट्यांचे (म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे) ढीग एकशे चाळीस, बाजा अठ्ठ्याण्णव, बांधलेल्या बकऱ्या एक्काहत्तर, सुट्या बकऱ्या अनिश्चित (मोजताना हलल्या), आणि पेन्शनर नऊ. शोभेची वस्तू एकही आढळली नाही. पेन्शनरांनी या शेवटच्या वाक्याला लेखी हरकत घेतली, ती दप्तरी दाखल आहे.

नगरपालिकेचे अध्यक्ष खुशालराव त्याच सुमारास उटी पाहून आले होते. तिथे प्रत्येक बंगल्यापुढे गवत असते आणि त्या गवतावर कोणी काही करीत नाही, हे पाहून त्यांचे मन भरून आले. परतल्यावर ते आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी आपल्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून ते म्हणाले, "आपल्या इकडं हिरवं असं काहीच नाही." कपाशी हिरवी असते, पण ती पोट भरते, म्हणून तिला शोभा म्हणता येत नाही.

मग नियम झाले. एकूण सतरा. सगळे लिहायला जागा नाही. जे माझ्या मनात बसले तेवढे देते.

नियम दुसरा : दारापुढील अडीच हात जागेस यापुढे 'दर्शनी पट्टी' म्हणावे.

नियम चौथा : दर्शनी पट्टीवर हराळीचे गवत लावावे. उंची दोन बोटांहून कमी व चार बोटांहून जास्त नसावी. (बोटे निरीक्षकांची धरावीत.)

नियम पाचवा : गवतावर बसू नये, निजू नये, वाळवण घालू नये. गवताकडे पाहण्यास हरकत नाही.

नियम सातवा : पट्टीवर बकरी आढळल्यास बकरीस व तिच्या मालकास समज देण्यात येईल.

नियम आठवा : गोमातेस वरील नियम लागू नाही, मात्र तिने आपले आपण भान ठेवावे.

नियम अकरावा : पट्टीस पाणी घालणे हे नगरपालिकेच्या सेवकाचे काम, पाणी पुरवणे हे घरमालकाचे. ते सेवकास कसे द्यावे हे प्रत्येकाने आपापल्या रीतीप्रमाणे ठरवावे.

चौथ्या नियमाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. आमच्या काळ्या जमिनीत शेतकऱ्याला तीन शत्रू : टोळ, सावकार आणि हराळी. टोळ उडून जातात आणि सावकार कधी ना कधी मरतो. हराळी मात्र वीतभर खोल खणून काढली तरी मुळाच्या एका पेरापासून पुन्हा उठते. तिच्यापायी शेते पडीत पडलेली आहेत. खुद्द खुशालरावांच्या शेतात पावसाळाभर तीस बाया हराळी उपटायला लागतात, आणि उपटलेल्या हराळीचे धुऱ्यावर बैलाएवढे ढीग होतात. तीच हराळी गावात दर दारापुढे लावावी असा ठराव त्याच खुशालरावांनी मांडला. विसंगती यात काही नाही. शेतात ती तण असते, सडकेला लागली की हिरवळ होते. माणसांचेही असेच आहे. कोण कुठे उगवला यावर त्याचे नाव ठरते.

आता हराळी जगवणार कोण? गावात तिला मारणारे शेकडो, जगवणारे कोणी नाही. खुशालरावांनी आपल्याच शेतातली निंदणारी बाई बोलावली. केशरबाई तिचे नाव. वय चाळिशीचे, हात कुळवाच्या पाशीसारखे, जीभ त्याहून धारदार. नगरपालिकेच्या समितीने तिला विचारले, हराळीची काही माहिती आहे काय?

ती म्हणाली, "मालक, तिले मारता मारता माही उमर गेली. ती कावून मरत नाही, थे मले नाई ठावं राहीन त कोनाले राहीन?"

समितीने हे उत्तर समाधानकारक मानले आणि आमच्या गल्लीतल्या तेवीस घरांच्या पट्ट्या केशरबाईंकडे दिल्या. नेमणूक रोजंदारीची. अट अशी की चैत्रापासून भाद्रपदापर्यंत काम पाहावे, आणि भाद्रपदाच्या तपासणीत गवत नियमाच्या उंचीचे भरले तर कायम करावे. भरले नाही तर निंदायला परत.

कायम होणे म्हणजे काय, हे मी तिला एकदा विचारले. मला वाटले ती पगाराचे सांगेल. ती म्हणाली, "बाई, रोज पाहाटी कोनाच्या तरी वट्ट्यापुढं उभं राहा लागते. काम हाय का, म्हना लागते. थो पानी पेते, दात घासते, मंग म्हनते, आज नाई. कायम झाली म्हन्जे हे इचारनं बंद. बस."

पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. रांगेत लावलेली हराळी पाहताच केशरबाईंचा हात सवयीने गेला आणि पहिल्या चार घरांची पट्टी तिने मुळासकट साफ करून टाकली. पाचव्या घरापाशी तिला आठवले. कमरेवर हात ठेवून ती एकटीच हसली. "हात म्हनते उपट, नगरपालिका म्हनते लाव. ऐकू कोनाचं?" मग तिने नगरपालिकेचे ऐकले आणि चारही पट्ट्या पुन्हा लावल्या.

पाण्याचे सांगायचे राहिले. अकराव्या नियमाप्रमाणे पाणी देण्याची रीत प्रत्येक घराने आपली आपण ठरवली. तेवीस घरांच्या तेवीस रीती झाल्या आणि त्या सगळ्या एकसारख्या निघाल्या : ओट्यावर उभे राहायचे आणि खाली ठेवलेल्या बादलीत उंचावरून पाणी ओतायचे. यावरून कोणाचा गैरसमज होऊ नये. एकोणीसशे पंचावन्न साली कायद्याने अस्पृश्यता मोडली. पुढच्याच वर्षी केशरबाईंनी बौद्ध धर्म घेतला. म्हणजे अस्पृश्यता सरकारी बाजूनेही संपली आणि धर्माच्या बाजूनेही संपली. आमच्या गल्लीत ती कोणीच पाळत नव्हते. फक्त बादली वेगळी होती.

वैशाखात आमच्याकडे ऊन असे पडते की कावळा चोच उघडी ठेवून बसतो. त्या उन्हात केशरबाईंनी हराळी जगवली. दुपारी तिच्यावर ओली पोती टाकायची, संध्याकाळी काढायची. जास्त वाढली तर विळ्याने कापायची, आणि कापताना तिच्याशी बोलायची. "आता कावून वाढत नाई व माय? वावरात त मोठी वाढत होती." ज्येष्ठात आमच्या गल्लीची हिरवळ पाहायला अकोटहून माणसे आली. खुशालरावांनी तिच्यापुढे उभे राहून फोटो काढवला. केशरबाई त्यात नाही, कारण तिच्या हातात बादली होती आणि बादली शोभेत बसत नाही.

इथवर सगळे नियमाप्रमाणे झाले. पुढे जे झाले तेही नियमाप्रमाणेच झाले. फक्त ते आमच्या नेमांप्रमाणे झाले.

गोदाबाई आमच्या गल्लीच्या धर्मखात्याच्या प्रमुख. (नेमणूक त्यांची त्यांनीच केलेली आहे आणि तीही कायम.) आषाढी एकादशीला त्यांनी ठरवले की यंदा अकरा जणींनी मिळून गणपतीला दूर्वांची लाखोली वाहायची. प्रत्येकीने एक लाख. श्रावण शुद्ध प्रतिपदेला सुरुवात, अनंत चतुर्दशीला उद्यापन. दिवस चव्वेचाळीस. दर बाईमागे रोज तेवीसशे दूर्वा, अकरा बायांच्या मिळून पंचवीस हजारांवर. इतक्या दूर्वा आणायच्या कुठून, हा प्रश्न पडण्याआधीच उत्तर दारापुढे उगवून तयार होते. दूर्वा म्हणजे हराळीचेच कोवळे शेंडे.

एकीने शंका काढली की त्या गवताला पाणी केशरबाई घालते, ते देवाला चालेल का? शंका शास्त्राची होती, म्हणून पुराणिकबुवांना विचारले. त्यांनी डोळे मिटून निर्णय दिला : दूर्वा मुळात पवित्र, पाणी आपल्या घरचे, जमीन सरकारी. मधला हात तेवढा राहिला; तो वाऱ्यासारखा मानावा. वारा सगळीकडून येतो, आपण त्याचे गोत्र विचारीत नाही. निर्णय सर्वांना फार आवडला. बुवांना शिधा दिला.

अकरांतली एक मी होते. हे सांगायला हवे, कारण खोटे बोलायचे नाही हाही माझा नेम आहे. (न बोलण्याबद्दल मात्र मी अजून कोणताच नेम धरलेला नाही.)

दिवस उजाडता उजाडता, अंघोळ करून, ओल्या लुगड्यानिशी आम्ही खुडायला बसत असू. केशरबाई यायच्या आत परत. ती आली की पट्टीवर वाकून बोटे लावून पाही आणि कपाळाला हात लावी. श्रावण अर्धा सरला तेव्हा गवत दोन बोटांवर आले, गोकुळाष्टमीला दीडावर. तिने मला विचारले, "बाई, तुमच्या गल्लीत बकऱ्या कोनाच्या सुटून राह्यल्या? पाहाटीच येऊन शेंडे शेंडे खाऊन जाते. बकरी अशी निवडून कवा खात नाई. मोठी शिकेल दिसते."

मी म्हणाले, "लक्ष ठेवते हं." आणि दुसऱ्या दिवशी अगदी लक्ष ठेवून खुडले.

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी केशरबाई लवकर आली. तिच्या हातात बकऱ्यांसाठी काठी होती. समोर पाहते तो अकरा बाया, अकरा परड्या. ती काठी टेकून उभी राहिली.

"अरे बाप्पा! हे तुमी व्हय? न् मी बिचाऱ्या बकऱ्याईले शिव्या देत होती."

गोदाबाईंनी खुडता खुडता एवढेच म्हटले, "देवाचं काम करून राहिलो आम्ही. लांब उभी राहा."

"लांबच हाय. बाई, परवा तपासनी हाय माही. तीन दिवस हात थांबवा, मंग सारं घेऊन जा."

"लाखोलीत खंड पडत नसतो. देवानं तुझ्या तपासणीसाठी थांबायचं का?"

"देव थांबते म्हनून नाई म्हनत मी. दूर्वाच पायजे ना? खुशालरावाच्या धुऱ्यावर हराळीचे ढिगाच्या ढीग पडून हायेत. मी आत्ता जातो न् भाराभर आनून टाकतो. मनसोक्त वाहा. हे तेवढं राहू द्या."

हा उपाय इतका सोपा होता की क्षणभर आम्ही सगळ्या त्याला फसलो. गोदाबाई मात्र फसल्या नाहीत.

"तू आणलेलं कसं चालेल देवाले?"

केशरबाईंनी पट्टीकडे पाहिले, मग परडीकडे. "मी वाढवलं थे चालते, न् मी आनलं थे चालत नाई?"

"वाढवलेलं देवाचं असते," गोदाबाई शांतपणे म्हणाल्या. "आणलेलं तुझं."

इतका स्वच्छ निर्णय पुराणिकबुवांनाही देता आला नसता.

पंचमीला तपासणी झाली. पट्टी निरीक्षक शालिकराम यांनी वीस वर्षे जकात नाक्यावर पोत्यांत सळई खुपसण्यात घालवली होती. त्यांना गवताचीही काहीतरी लपवाछपवी असेल असे वाटे. त्यांनी तेवीसही ठिकाणी सळई खुपसली आणि मग बोटे लावली. गवत अर्धे बोट. त्यांनी छापील तक्ता काढला. गवत कमी भरण्याची कारणे त्यात चार : (अ) बकरी, (ब) गोमाता, (क) ऊन, (ड) सेवकाचा हलगर्जीपणा.

"बकरी?" त्यांनी विचारले.

"बकरी नाई, सायेब," केशरबाई म्हणाली. "बायाईनं खुडलं."

"तसा रकाना नाही."

"रकाना नसन, बाया त हायेत. हे काय उभ्या हायेत वट्ट्यावर. इचारा त्याईले."

शालिकरामांनी ओट्यांकडे पाहिले. आम्ही अकराही जणी उभ्या होतो. चातुर्मासात चौघींचे मौन असते. उरलेल्या सात जणींनी ते त्या वेळेपुरते घेतले. मौन घेतलेल्या बाईला प्रश्न विचारणे पाप आहे हे शालिकरामांना माहीत होते. शिवाय डावीकडून सहाव्या ओट्यावर त्यांची स्वतःची पत्नी होती. त्यांनी आभाळाकडे पाहिले. ढग होते, म्हणजे ऊनही म्हणता येईना. गाय कोणी पाहिली नव्हती. सगळ्या बाजूंनी विचार करून, अत्यंत नाइलाजाने, त्यांनी (ड) वर खूण केली.

केशरबाईंना त्याच दिवशी कमी केले. आठवड्याभरात नगरपालिकेने चौथ्या नियमात 'देवकार्यासाठी खुडलेले गवत उंचीत धरावे' अशी दुरुस्ती केली. ती पुढील तपासणीपासून लागू आहे. मागच्या तपासणीला ती लावली असती तर निरीक्षकांची चूक झाली असे दिसले असते, आणि नगरपालिकेत चुकीसाठी रकाना नाही.

पण आमची नगरपालिका निष्ठुर नाही. सतरावा नियम असा आहे की कमी केलेल्या सेवकाने पंधरा दिवसांत दोन घरमालकांच्या किंवा त्यांच्या पत्नींच्या सहीने 'यात सेवकाचा दोष नव्हता' असा अर्ज दिल्यास त्यास परत घेऊन कायम करावे. दोन सह्या. केशरबाईंनी कोणाकडून तरी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून आणला आणि ती घरोघर फिरली.

पहिल्या घरी सांगितले, लाखोलीचे दिवस आहेत, सोवळ्यात टाक धरता येत नाही. दुसऱ्या घरी यजमान पातूरला गेले होते. तिसऱ्या आणि सहाव्या घरचेही पातूरला गेले होते. पातूरला त्या आठवड्यात फार गर्दी झाली असावी. शालिकरामांच्या पत्नीने डोळ्यांत पाणी आणले आणि दार लावून घेतले. गोदाबाईंनी केशरबाईंना थांबवून गूळपाणी दिले, अर्थात उंचावरून, आणि उपदेश केला की नोकरी नशिबात असली तर सहीवाचून मिळते.

मग ती माझ्याकडे आली. अर्ज ओट्याच्या कडेला ठेवून खाली उभी राहिली.

"बाई, तुमी पाहेल हाय. तुमी खुडत होत्या म्हनून पाहेल हाय. खोटं लिहा म्हनत नाई मी."

मी म्हटले, "उद्यापन होऊ दे. चतुर्दशीनंतर ये."

ती चतुर्दशीनंतर आली. तोवर पितृपक्ष लागला होता, आणि पक्षात कोणी नवीन काम करीत नाही. मी तिला तसे सांगितले. मृदूपणाने सांगितले; मोठ्याने बोलायचे नाही हा माझा फार जुना नेम आहे. ती म्हणाली, "पंधरा दिवस शनवारी सरते, बाई." मी म्हटले, "देव आहे." ती म्हणाली, "हाय ना. लाख लाख दूर्वा वाहेल हायेत त्याले, अकरा जनीच्या. थो कायले जाते आता कुठं?"

शनिवार गेला. सोमवारी ती रस्त्याने निंदायला जाताना दिसली, कमरेला विळा. ओट्यापाशी क्षणभर थांबली. "अर्ज राहू द्या तुमच्यापाशी," एवढे म्हणून चालू लागली. अर्ज कडेलाच पडला होता, ओल्या बोटाचा एक डाग कोपऱ्यावर. तो मी उचलला आणि देवघरात ठेवला. खुशालरावांच्या शेतात सध्या ती हराळी उपटते, आणि मी ऐकते की पूर्वीपेक्षा जास्त उपटते. आमच्या गल्लीची हराळी मात्र तीन आठवड्यांत वाळली. नांगराने न मरणारे गवत आम्हा तेवीस घरांनी नुसते समोर राहून मारले.

ते वाळलेले पाहून खुशालरावांना उटी आठवली आणि त्यांनी सतराव्या नियमाची मुदत काढून टाकली. अर्ज आता केव्हाही घेतात. जागा रिकामी आहे, दोन सह्या हव्यात. मी गल्लीत प्रत्येक घरी जाऊन विचारले. कळवायला आनंद वाटतो की नकार एकाही घरी मिळाला नाही. तेवीसच्या तेवीस घरे सही करायला राजी आहेत. प्रत्येकाचे म्हणणे एवढेच की दुसरी सही आपण करू. पहिली कोणाची तरी होऊ दे. मीही दुसरीच करणार आहे.

तुम्ही इथवर वाचलेत. वाचताना गोदाबाईंचा राग आला, शालिकरामांची कीव आली, माझ्याविषयीही काही बरे वाटले नसणार. म्हणजे तुमचे मन जागेवर आहे. घर गल्लीतलेच हवे अशी अट सतराव्या नियमात नाही. दारापुढे अडीच हात जागा असली की पुरते, आणि ती तुमच्याही दारापुढे आहे. अर्ज माझ्याजवळ आहे, टाक भरून ठेवला आहे. पहिल्या सहीची जागा वर डावीकडे.

काय म्हणता? आधी दुसऱ्या कोणाची होऊ दे?

बरे. मग यादीत तुमचे चोविसावे घर लिहिते.